पोरांच्या पीआरमध्ये मेंटॉरनं किती हात घालावा?

पैनगंगाकाठ
मंडळी नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळून राहिलं ते आज इथं टाकतो. मी रिसोडकडचा, नोकरी नागपूरच्या कंपनीत पण काम घरूनच. शनिवारी दुपारून तालुक्याच्या कॉलेजातल्या बीएस्सी कॉम्प्युटर आणि बीसीएच्या पोरापोरींसोबत बसतो. ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो ते सॉफ्टवेअर) शिकवतो म्हणजे काय तर गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन), बग कसा वाचायचा, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपली दुरुस्ती घ्या अशी विनंती) कसा टाकायचा आणि रिव्ह्यू करणारा काय म्हणून राहिला ते नीट समजून घ्यायचं, एवढंच. पैसे घेत नाही, लॅब फुकट मिळते, पुरे आहे.

आमच्यात एक पोरगी आहे तिसऱ्या वर्षाची, खेड्यावरून एसटीनं येते. ग्रंथालयांसाठीचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यात तिनं स्वतःहून एक बग पकडला. 'शेतकऱ्यांसाठी' असं शोधलं की अर्धी पुस्तकं सापडतात, अर्धी यादीत असून सापडत नाहीत. कारण फार भारी आहे. ऱ्य मधला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१ नंबरचा ऱ, त्याला हलंत आणि पुढं य. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि मग य. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. जुन्या फॉन्टातून बदलून आणलेल्या नोंदींत जॉइनरवाला, मोबाइलवरून टाकलेल्या नोंदींत ऱ वाला. हे तिनं एकेका अक्षराचा कोड छापून शोधलं, मी फक्त बाजूला बसलो होतो. मग इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची यादी, करताना आणि शोधताना दोन्हीकडं एकच रूप करून घ्यायचं, चार ओळींचा बदल, पीआर टाकला.

पोळ्याच्या आधी रिव्ह्यू आला, चांगल्या शब्दांत. दोनच गोष्टी मागितल्या. टेस्ट (दुरुस्ती चालते का ते आपोआप तपासणारा कोड) लिहा, आणि नेपाळीतही हा र वापरतात तर तिकडं काही बिघडत नाही ना ते दाखवा. आता गणपती उठले तरी तिचं उत्तर नाही. शनिवारी येते, लहान पोरांना गिट शिकवते, पण पीआरचं नाव काढलं की 'करते सर'.

मला ते काम अर्ध्या तासाचं आहे. तिच्या ब्रँचवर, म्हणजे तिच्याच कोडच्या प्रतीत, लिहून देऊ का? मागच्या वर्षी असे अर्धवट राहिलेले पीआर मेंटेनरनं (तो कोड सांभाळणाऱ्यानं) बंद केले आणि ती पोरं परत आलीच नाहीत, म्हणून जीव खालीवर होऊन राहिला. तुम्ही लोक किती हात घालता?

वऱ्हाडी_पोट्टा
भाऊ करून टाका ना बाप्पा. इचार कायले करता? बग तिनं शोधला, कोड तिनं लिवला, टेस्टचं काय एवढं. पयला पीआर मर्ज झाला (मूळ कोडात घेतला) ना का पोट्ट्यायच्या आंगात बळ येते, मंग दुसरा तिसरा ते सोताच करतात. मी अकोल्यात हेच करतो. पयल्या पीआरले पुरा हात, दुसऱ्याले अर्धा, तिसऱ्याले फक्त चाय पाजतो.

तर्रीपोहे
चौथ्याला पोहे माझ्याकडून. नागपूरला आले की कळवा, तर्री जास्त मिळेल.

टेस्टवाली_ताई
तिला विचारलं का भाऊ, टेस्ट का नाही लिहिली ते?

गोरखचिंच
मी वऱ्हाडी_पोट्टा दादांशी अजिबात सहमत नाही आणि जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

मी एका प्रोजेक्टची मेंटेनर आहे, गुगल समर ऑफ कोडमध्ये (नवख्यांना ओपन सोर्सचं काम देणारा गुगलचा कार्यक्रम) मेंटॉर म्हणूनही बसलेली आहे. मेंटेनरच्या खुर्चीतून सांगते. पीआर आला की आम्ही कोड बघतोच, पण त्याहून जास्त बघतो तो हा की प्रश्न विचारल्यावर हा माणूस परत येतो का, काय उत्तर देतो. कारण मर्ज केलेला कोड पुढं आम्हालाच सांभाळायचा असतो. उद्या त्यात बग निघाला तर कोणाला विचारायचं? टेस्ट तुम्ही लिहिली तर पुढचा प्रश्न तिला येईल आणि ती पुन्हा तुमच्याकडं बघेल. तिच्या नावावर तुमचा कोड गेला तर कमिटच्या (बदलांच्या नोंदींच्या) इतिहासात खोटं लिहिलं गेलं असं मी मानते, मग हेतू कितीही चांगला असो. हात घालायचाच असेल तर उघड घाला, को-ऑथर्ड-बाय म्हणून कमिटमध्ये स्वतःचं नाव टाकता येतं, गिटहब (जिथं हा कोड ठेवतात ती साइट) ते दोघांच्या नावावर दाखवतं.

आणि तो नेपाळीचा प्रश्न. तो रिव्ह्यूअरनं त्रास द्यायला विचारलेला नाही, फार चांगला प्रश्न आहे. नेपाळीत 'गर्‍यो' सारखे शब्द रोजचे आहेत आणि तिकडं जॉइनरवालंच रूप जास्त चालतं. तुमच्या पोरीचा बदल जर साठवलेलं मूळ शीर्षकच बदलत असेल तर नेपाळी ग्रंथपाल चिडतील, बरोबरच आहे त्यांचं. पण फक्त शोधासाठीच्या इंडेक्समध्ये आणि शोधलेल्या शब्दात बदल होत असेल, मूळ नोंद तशीच राहत असेल, तर काहीच बिघडत नाही, उलट नेपाळीचा पण तोच बग सुटतो. हे वाक्य तिनं स्वतः शोधून लिहायला हवं. ते लिहिताना ती जे शिकेल ते तुम्ही लिहिलेल्या शंभर टेस्टमधून नाही शिकणार.

अजून एक, कोणीतरी येऊन सांगेल की एनएफसी नॉर्मलायझेशन (अक्षरांची रूपं एकसारखी करायची युनिकोडची ठरलेली पद्धत) लावा, सुटेल. नाही सुटत. र आणि नुक्ता (खालचा टिंब) वेगळे आले तर एनएफसी त्यांचा ऱ करते, पण जॉइनरवाला प्रकार ती हात न लावता तसाच ठेवते. म्हणजे पोरीनं शोधलेलं खरोखर नवीन काम आहे. तिला हे नक्की सांगा.

वऱ्हाडी_पोट्टा
ताई तुमचं म्हणणं पटते पण तुमच्याकडे येणारे पोट्टे शहरातले, इंजिनिअरिंगवाले असतील. आमच्या इकडचे मराठी शाळेतून आले, इंग्रजीत दोन ओळी लिवाच्या तर घाम फुटते त्यायले. गोऱ्हा पयल्यांदा औताले लावतानी जोडीले जुना बैल देतात का नाई? तसं म्हणतो मी.

गोरखचिंच
दादा मी चिखलीची आहे, शाळा जिल्हा परिषदेची, दहावीपर्यंत मराठीतच. आणि जुना बैल तास सरळ ठेवतो, गोऱ्ह्याच्या वाटचं ओझं तो ओढत नाही. 🙂

वऱ्हाडी_पोट्टा
हाव हे खरं हाय. माघार नाई पण थोडा मागं सरकलो.

कडूनिंब
हात घालण्याआधी हे बघा की पोरं कशासाठी पीआर टाकून राहिली. मी दोन कॉलेजांत शिकवायला गेलो आणि सोडून दिलं. सगळ्यांना रेझ्युमेवर गिटहबचे हिरवे चौकोन (काम केलेल्या दिवसांच्या खुणा) पाहिजेत. २०२० चं हॅकटोबरफेस्ट (ऑक्टोबरात पीआर टाकले की टीशर्ट, असा डिजिटलओशन कंपनीचा उपक्रम) आठवा, टीशर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घालून पीआरचा पाऊस पाडला, मेंटेनर एवढे वैतागले की डिजिटलओशनला त्याच ऑक्टोबरात नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टनं स्वतःहून भाग घेतला त्याचेच पीआर मोजायचे. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेब सॉफ्टवेअरच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) तेच, रीडमीत स्वतःचं नाव लिहून पीआर, ढिगानं, कारण शिकवणीच्या एका व्हिडिओत उदाहरण म्हणून तोच रेपो दाखवला होता. त्यात आपल्याकडचीच पोरं जास्त होती, मला फार वाईट वाटलं. सरावासाठी फर्स्ट कॉन्ट्रिब्यूशन्स नावाचा वेगळा रेपो आहे ना, तिथं नाव लिहा, तो त्यासाठीच आहे. पण शिकवणाऱ्यानंच ते सांगितलं नाही तर पोरांचा काय दोष?

निवांत_काका
मी रिटायर बँकवाला, मुलगी या लाइनीत आहे म्हणून वाचून राहिलो. मला एक समजावून सांगा, पीआर म्हणजे नेमकं काय आणि हे सगळं फुकट करायचं काय? खेड्यातल्या पोराला फुकट काम परवडते का?

सरकी
काका नमस्कार, मी पुसदची, आत्ताच एमसीए झाले. सॉफ्टवेअरचा कोड उघडा असतो, कोणीही त्याची प्रत घेऊन त्यात दुरुस्ती करते आणि मूळ मालकांना सांगते की ही माझी दुरुस्ती बघा, पटली तर घ्या. ती विनंती म्हणजे पीआर, पुल रिक्वेस्ट. मेंटेनर म्हणजे तो कोड सांभाळणारे. पटलं की घेतात, त्याला मर्ज म्हणतात.

फुकटचं म्हणाल तर सगळंच फुकट नाही. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, त्यात पैसे मिळतात, रक्कम देशानुसार बदलते, मधल्या आणि शेवटच्या मूल्यमापनानंतर अशी दोन हप्त्यांत येते. २०२२ पासून तर विद्यार्थीच पाहिजे अशीही अट नाही, १८ वर्षं पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवीन असलं की झालं. आउटरीची नावाचा तसाच कार्यक्रम आहे, वर्षातून दोनदा, त्यात अर्ज करतानाच थोडं काम करून दाखवावं लागते. पण काका तुमचा प्रश्न बरोबर आहे, या सगळ्याच्या आधी जे महिनोन्महिने शिकायचं असते त्याचे पैसे कोणी देत नाही. माझ्या घरी हाच प्रश्न होता, लॅपटॉपपुढं बसून काय मिळते तुला. आईला मी सांगितलं की हा माझा अभ्यासच आहे, ती मानली, सगळ्यांच्या आया मानत नाहीत.

निवांत_काका
छान सांगितलं बेटा. समजलं. मुलीला फोन करून विचारतो तिचे किती मर्ज झाले.

तर्रीपोहे
काका नको, हा प्रश्न लग्नाच्या प्रश्नाइतकाच जड जाईल तिला.

सरकी
😂 काका खरंच नका विचारू.

मूळ प्रश्नावर माझं मत. मला मेंटॉरनं कोड लिहून दिला असता तर मला आवडलं नसतं. पण मेंटॉरनं वेळापत्रक ओळखलं असतं तर फार बरं झालं असतं. समर ऑफ कोडचा प्रपोजल मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा आमची प्रॅक्टिकल. काम मेच्या शेवटी-जूनमध्ये सुरू, तेव्हा युनिव्हर्सिटीचे उन्हाळी पेपर आणि लगेच पेरणी. माझ्या मेंटॉरबाई जर्मनीच्या, फार चांगल्या, पण पेरणीच्या वेळी घरातलं कोणीच मोकळं नसते हे त्यांना कुठून माहीत असणार. मीच सांगितलं नाही, लाज वाटली. नंतर कळलं की बारा आठवड्यांचं काम आधी ठरवून बावीस आठवड्यांपर्यंत ताणता येते, आणि ९० तासांचे लहान प्रोजेक्टही आता असतात. नव्या मुलामुलींना हे आधीच सांगा. ३५० तासांचा मोठा प्रोजेक्ट घेऊन मग आजारी पडण्यापेक्षा ते बरं.

मेळघाट_एक्सप्रेस
परतवाड्याहून. आमचा प्रॉब्लेम हात घालायचा नाही, क्लोन (कोडची प्रत उतरवून घेणं) करायचा आहे. 😀 धारणीकडच्या पोरांचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा, रेपो मोठा, साठ टक्क्यांवर रेंज गेली की संपलं, गिट क्लोन अर्ध्यातून पुढं सुरू होत नाही, पहिल्यापासून ओढावं लागते. दुसऱ्या दिवशी तेच. पोरगं म्हणते सर माझ्याकडून होत नाही, आणि त्यात त्याचा काहीच संबंध नाही.

उपाय लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी पडेल. क्लोन करताना डेप्थ १ द्या, म्हणजे फक्त शेवटची अवस्था येते, जुना इतिहास येत नाही, साइज कितीतरी कमी होते. नंतर लागलाच तर डीपन देऊन थोडा थोडा इतिहास ओढा, तुटला तरी मागचं वाया जात नाही. मी तर आता महत्त्वाचे रेपो पेनड्राइव्हवर घेऊन जातो, तिथून क्लोन करतो आणि मग रिमोटचा पत्ता बदलून खऱ्या रेपोचा देतो. गिट हे लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये बनवलं तेव्हापासूनच असं आहे की डेप्थ न देता घेतलेली प्रत्येक प्रत पूर्ण असते, कुठूनही घ्या. पेनड्राइव्हवरून गाव चालते त्याच्यावर.

वैनगंगा
मेळघाट भाऊ, पेनड्राइव्हचं आवडलं, आरमोरीला हेच करणार.

मी थोडं वेगळं सांगते. गडचिरोली जिल्ह्यात माझ्याकडं येणाऱ्या दहा पोरांपैकी लॅपटॉप एखाद्याकडेच. मग मी ठरवलं की कोडपासून सुरुवातच करायची नाही. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरायच्या नकाशासाठीचं. चालत चालत प्रश्न विचारते, हा रस्ता डांबरी का मुरुमाचा, असं. पोरांनी स्वतःच्या टोल्याची (वस्तीची) माहिती भरली. मग वाद सुरू झाले, पावसाळ्यात जो रस्ता नाल्याखाली जातो त्याला काय लिहायचं? तिथून विकी वाचणं आलं, टॅग काय असतात ते आलं, दुसऱ्या देशातल्या माणसानं त्यांची एडिट बदलली तेव्हा त्याला मेसेज लिहिणं आलं. म्हणजे रिव्ह्यू म्हणजे काय ते कोडची एक ओळ न लिहिता कळलं. त्यातली दोन पोरं आता पायथन शिकून राहिली, नकाशाचा डेटा तपासायची स्क्रिप्ट लिहायला.

दुसरं म्हणजे आवाज. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे, वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्यांची ऐकून बरोबर-चूक सांगायची. तो सगळा डेटा कोणालाही वापरायला खुला आहे. आपल्याकडच्या पोरांचा उच्चार त्यात गेला पाहिजे असं मला मनापासून वाटते, नाहीतर उद्याच्या मशीनला फक्त पुण्याचा आवाज कळेल. आणि गोंडीचं तर अजून सगळंच बाकी आहे. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ ला आली, गुंजाला गोंडी २०१८ ला, फॉन्टही आहे. पण सॉफ्टवेअरचे मेनू गोंडीतून कोण करणार? ती पोरं माझ्याच वर्गात बसलेली आहेत. हात घालायचा म्हणजे कीबोर्डला हात लावायचा असं नाही ना, काम कुठून सुरू करायचं ते निवडून देणं हासुद्धा हातच आहे.

कडूनिंब
वैनगंगा ताई, तुमच्या वर्गात एक दिवस बसायला येऊ का? खरंच विचारतो.

वैनगंगा
या की दादा. रविवारी असतो. देसाईगंजला, म्हणजे वडसा स्टेशनला, रेल्वेनं उतरा, तिथून एसटी.

पैनगंगाकाठ
एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. गोरखचिंच ताई, बदल फक्त इंडेक्समध्ये आणि शोधशब्दात आहे, मूळ नोंद तशीच राहते. म्हणजे नेपाळीचं उत्तर तिच्याच कोडमध्ये आहे. को-ऑथरचं चांगलं सुचवलं.

अजून एक भीती आहे. समजा मी नाही लिहिलं, तर ती एआयकडून लिहून आणेल. बाकीची दोघं आणतात. टेस्ट दिसायला मस्त, आत काहीच तपासत नाही.

गोरखचिंच
त्याचा आम्हाला फार ताप झाला आहे. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणण्याच्या सॉफ्टवेअरचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग कधीपासून जाहीरपणे लिहून राहिलेत की एआयनं बनवलेले खोटे सुरक्षा रिपोर्ट वाचण्यात वेळ जातो. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टनी २०२४ मध्येच एआयनं लिहिलेला कोड घेणार नाही असं ठरवलं. काही प्रोजेक्ट घेतात पण सांगा म्हणतात. म्हणून पहिला धडा हा की त्या प्रोजेक्टची कॉन्ट्रिब्यूटिंग फाइल वाचायला लावा, नियम तिथं लिहिलेला असतो.

मी स्वतः पोरांना एआय बंद कर असं सांगत नाही. एकच करते. ओळ दाखवून विचारते, ही काढली तर काय तुटेल? सांगता आलं तर ठेव. टेस्टसाठी तर हे सोपंच आहे, मूळ दुरुस्ती काढून टेस्ट चालवायची, ती नापास झाली पाहिजे. नापास नाही झाली तर ती टेस्ट नाहीच.

वऱ्हाडी_पोट्टा
हे लय भारी. दुरुस्ती काढून टेस्ट चालवाची. सोमवारपासून सुरू.

कडूनिंब
मेंटेनर नवीन माणसावर लगेच विश्वास का ठेवत नाहीत ते पण पोरांना सांगत जा. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण. एकानं दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून मेंटेनरचा विश्वास मिळवला, मेंटेनर आधीच थकलेला, दुसऱ्या खात्यांवरून त्याच्यावर दबाव आणला, आणि शेवटी त्या माणसानं रिलीजमध्ये चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकलं म्हणून सापडलं, नाहीतर जगभर पसरलं असतं. पोरं म्हणतात सर तो रिप्लाय देत नाही, भाव खातो. भाव नाही खात बाबा, तो माणूस नोकरी करून रात्री हे करतो आणि त्याला घाबरायचं कारण आहे.

मेळघाट_एक्सप्रेस
आमच्याकडं लाइन गेली होती, आत्ता आली. सगळं वाचलं. एक्सझेडची गोष्ट पोरांना सांगितली तर त्यांना जासूसी सिनेमाच वाटेल, उद्याच सांगतो.

टेस्टवाली_ताई
मी वर एक ओळ विचारली होती, ती सगळ्यांनी ओलांडली. 🙂 पैनगंगाकाठ भाऊ, तिला विचारलं का? मी हिंगणघाटची, पुण्यात टेस्टिंगचंच काम करते. माझा अनुभव असा की कोड लिहिणारं माणूस टेस्टपाशी थांबलं तर अर्ध्या वेळा कारण मनात नसते, मशीनमध्ये असते. टेस्ट लिहिणं सोपं, चालवून बघणं अवघड. इथं सगळे तिच्या हिमतीबद्दल, इंग्रजीबद्दल, आळसाबद्दल बोलून राहिले. जी पोरगी एकेका अक्षराचा कोड छापून बग शोधते ती दोन टेस्टला घाबरेल असं मला वाटत नाही.

गोरखचिंच
ताई एकदम बरोबर. हे आधी विचारायला हवं.

पैनगंगाकाठ
आज शनिवार, विचारलं. बाजूला बसून, लॅब रिकामी झाल्यावर.

टेस्टवाली ताई, तुमचं शंभर टक्के खरं निघालं. टेस्ट तिनं केव्हाच लिहिलेली आहे. वहीत! नेपाळीचा शब्द पण तिनं शोधून ठेवला, तोच 'गर्‍यो'. पण त्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या टेस्ट चालवायच्या तर डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) पाहिजे, त्यात डेटाबेस वेगळा, सर्चचा सर्व्हर वेगळा. लॅबचं मशीन ४ जीबी रॅमचं, सुरू केलं की माऊससुद्धा हलत नाही. घरी फक्त फोन. माझ्या लॅपटॉपवर शनिवारी बाकीची पोरं बसलेली असतात म्हणून मागितला नाही. 'न चालवता टेस्ट टाकली आणि तिथं नापास झाली तर ते काय म्हणतील सर', असं म्हणाली. म्हणजे ती रिव्ह्यूअरचा मान ठेवून थांबली होती.

आता सांगा, कमी रॅमवर हे कसं चालवायचं?

टेस्टवाली_ताई
चालवायचंच नाही मशीनवर. तिचा फोर्क (तिच्या खात्यातली प्रत) गिटहबवर आहे ना? फोर्कमध्ये ॲक्शन्स नावाचा टॅब असतो, तो सुरुवातीला बंद असतो, आत जाऊन चालू करायचं बटण दाबा. मूळ प्रोजेक्टच्या टेस्ट ॲक्शन्सवर चालत असतील तर तीच फाइल फोर्कमध्येही आहे, तिनं ब्रँच पुश केली (वर चढवली) की टेस्ट गिटहबच्या मशीनवर चालतील. पब्लिक रेपोला पैसे लागत नाहीत. एवढंच बघा की ती फाइल कोणत्या ब्रँचवर पुश झालं की चालू होते, कधीकधी फक्त मेन ब्रँच लिहिलेली असते. मूळ रेपोत पहिल्यांदा येणाऱ्याच्या टेस्ट चालवायला मेंटेनरची परवानगी लागते, स्वतःच्या फोर्कमध्ये नाही लागत. तिथं शंभर वेळा नापास होऊ दे, कोणी बघत नाही.

मेळघाट_एक्सप्रेस
आणि लिहायला गिटहबचं कोडस्पेसेस वापरा, ब्राउझरमध्येच पूर्ण मशीन मिळते. फुकट खात्याला महिन्याला १२० कोअर तास, म्हणजे दोन कोअरचं मशीन ६० तास. बंद करायला विसरू नका, उघडं राहिलं तर काही वेळानं आपोआप थांबते पण तोवर तास जातात. डॉकरसुद्धा तिथंच चालते. लॅबचं मशीन फक्त पडदा.

सरकी
हे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर! सेव्ह करून ठेवला धागा.

वऱ्हाडी_पोट्टा
मी पण. आणि पोट्ट्यायले इचाराचं, त्यायच्या घरी काय मशीन हाय ते, पयल्याच दिवशी. आमच्या फॉर्मात नाव, वर्ष, मोबाइल नंबर हाय, मशीनचा रकानाच नाई. टाकतो आता.

पैनगंगाकाठ
अपडेट. काल संध्याकाळी तिनं लॅबमधून फोर्कवर पुश केलं. पहिल्यांदा लाल, म्हणजे नापास, कारण जॉइनर कॉपी-पेस्टमध्ये गळून गेला होता, 'ऱ्य' चा साधा 'र्य' झाला होता. ते तिनंच ओळखलं, मग टेस्टमध्ये अक्षरं न लिहिता त्यांचे कोड लिहिले, २००डी वगैरे, म्हणजे पुन्हा गळायची भीती नाही. मग हिरवं. मग गोरखचिंच ताईंचं ऐकून दुरुस्ती काढून चालवलं, लाल. परत लावली, हिरवं. मी खुर्चीवर बसून होतो, कीबोर्डला हात लावला नाही. रिव्ह्यूअरला तिनं चार ओळींचं उत्तर लिहिलं, इंग्रजी तिचंच, मी एक स्पेलिंगसुद्धा बदललं नाही.

आज सकाळी त्याचं उत्तर आलं. मर्ज नाही अजून, टेस्टची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा म्हणतो, आणि विचारतो की ल चं पण मराठीत वेगळं रूप असते ना, त्याचा काही त्रास आहे का. ती म्हणते सर तो फॉन्टचा विषय आहे, कोड एकच असतो, मी त्याला समजावून सांगते.

गोरखचिंच
ती म्हणते ते बरोबर आहे. समजावू दे तिला.

तर्रीपोहे
पोह्यांची ऑफर तिच्यासाठी आधी. तर्री तिखट झेपते का विचारून ठेवा.

निवांत_काका
मुलीशी बोललो. तिला हा धागा पाठवला. ती म्हणते, लॅबच्या मशीनला रॅम वाढवून दिली तर आणखी बरं होईल. माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत, त्यांच्याकडं जुनी डीडीआर३ रॅम पडून असते. किती पाहिजे? एसटी पार्सलनं पाठवतो.

पैनगंगाकाठ
काका, लॅबमध्ये बारा मशीन चालू आहेत. डेस्कटॉपची लागेल, लॅपटॉपची त्यात बसत नाही. मॉडेल नंबर सोमवारी बघून इथंच टाकतो.